पान दोन

अप्पा बळवंत चौकातून आत वळलं की
तिसऱ्या बोळात माझं दुकान.
पाटीवर झेरॉक्स, लॅमिनेशन, स्पायरल,
आणि खाली बारीक अक्षरात:
पुस्तकांची झेरॉक्स मिळणार नाही.
ती ओळ ज्यानं वाचली तो हसला.
सतरा वर्षं.

कॉलेजं सुरू झाली की पोरं यायची,
सॅकमधून पुस्तक काढताना दाराकडे बघायची,
जसं काही बाटली काढतायत.
मी शटर अर्ध्यावर ओढायचो.
काचेवर पुस्तक उताणं दाबायचं,
कणा मोडेपर्यंत,
हिरवा उजेड इकडून तिकडे,
आणि मधल्या घडीपाशी प्रत्येक ओळीची
शेवटची दोन अक्षरं काळी.
अशा दोन-दोन अक्षरं कमी असलेल्या ज्ञानावर
किती जण पास झाले, देव जाणे.
एकदा धाड पडली. मशीन उचलून नेलं.
सोडवायला बायकोच्या पाटल्या लागल्या.

रमिला पावरा. धडगावची.
बीएस्सी दुसरं वर्ष, स्टॅटिस्टिक्स.
चार दुकानांत किंमत विचारून आलेली:
नवं अकराशे पन्नास.
जुनं सहाशेला, पण आवृत्ती मागची,
गणितं तीच, नंबर तेवढे फिरवलेले.
"मेसचे बावीसशे जातात," ती म्हणाली.
एवढंच. वजाबाकी माझ्यावर सोडून.

पुढच्या सोमवारी पेनड्राइव्ह घेऊन आली.
सवयीनं माझा हात शटरला.
"राहू द्या काका, चोरीचं नाही हे."
खिलारे मॅडमनी लिहिलंय म्हणे,
आणखी पाच जण मिळून, दोन उन्हाळ्याच्या सुट्ट्या घालवून.
मी म्हटलं, सगळे असंच म्हणतात.
तिनं पान दोन उघडलं.

जिथे एरवी
कायदेशीर कारवाईची तंबी असते
तिथे लिहिलं होतं:
छापा. वाटा. हवं तिथे बदला.
फक्त कोणी लिहिलं ते खोडू नका.

मी चष्मा पुसून परत वाचलं.
सतरा वर्षांत पुस्तकानं मला
पहिल्यांदाच आत बोलावलं होतं.

तीनशे बारा पानं, पाठपोट,
एकशे छप्पन्न कागद, रुपयाला एक.
स्पायरल चाळीस.
दोनशेची नोट. चार परत.
शटर वरच राहिलं. बोळातून माणसं जात होती.
कोणी बघतच नव्हतं.

खरं सांगतो, चोरीत जास्त सुटायचे.
पानामागे थोडे भीतीचेही लावायचो मी.
वरच्या मजल्यावरचे आठल्ये, प्रकाशकांचे एजंट,
जिन्यात थांबून म्हणाले,
"फुकटचं कोण वाचतं हो?"
मी काही बोललो नाही.
सत्तेचाळीस प्रती द्यायच्या होत्या
आणि टोनर संपत आला होता.

दिवाळीनंतर रमिला परत आली.
पान अठ्ठ्याऐंशीवर उणे चिन्ह सुटलेलं.
दोन रात्री उत्तर जुळेना, तिला वाटलं
आपलंच डोकं जड.
पुस्तक चुकू शकतं
हे धडगावात कोणी सांगितलं नव्हतं. पुण्यातही नाही.
तिसऱ्या दिवशी धीर करून मॅडमना दाखवलं.

नवी प्रत मीच छापली.
चिन्ह जागेवर,
आणि पान दोनच्या तळाशी, मुंगीएवढ्या टाइपात:
र. पावरा, एका उणे चिन्हासाठी.
"पूर्ण नाव घालायला सांग की," मी म्हटलं.
"सांगितलंय. पुढच्या वेळी."
मधली घडी बोटानं दाबून पाहिली.
सगळ्या ओळी शेवटच्या अक्षरापर्यंत.

बाकी विषयांची पुस्तकं अजून तशीच येतात,
सॅकच्या तळातून, स्वेटरखालून.
त्यांच्यासाठी शटर अर्धं.
स्टॅटिस्टिक्स असलं की पूर्ण वर.
समोरचा चहावाला कटिंग ठेवताना
आता विचारतो,
"आज कोणता विषय?"