पूल

निवास, बूट इथंच काढ,
त्या रांगेत नको, ती घरच्यांची.
आधी पंपाची खोली.
बारा तास चालायचा, आता चार पुरेत.
आणि गारव्याचं मशीन बंद.
हो, गारव्याचं. इथं उन्हाळ्यात पाणी थंड करावं लागतं,
नाहीतर ऑगस्टात आंघोळीला काढल्यासारखं कढत.
आता नोव्हेंबर सरला. परवा रात्री
मिश्रिफच्या या गल्लीत मी स्वेटर शोधत होतो.

घरचे वाळवंटात जातील, तंबू घेऊन,
जनरेटर, गालिचे, मेंढ्या, दोन टीव्ही.
मार्चपर्यंत इकडे कुणी फिरकत नाही.
उम्म बद्र तेवढ्या अधूनमधून येतात,
काठावर खुर्ची टाकून चहा पितात
पाण्याकडे न बघता.

टोपली हळू उचल.
खजुराच्या बिया, केसांचं रबर,
उत्तरेच्या वाऱ्यानं आणलेली माती, मैद्यासारखी,
हुदहुदचं एक पीस.
पीस फेकू नकोस, कठड्यावर ठेव.
का, ते मलाही माहीत नाही.

नळीत पाच थेंब लाल.
रंग कसला आला? जांभळट?
कोकम सरबतासारखा यायला हवा.
ॲसिड घे. पाण्यात ॲसिड, ॲसिडात पाणी नाही,
आणि वाऱ्याकडे पाठ कर.

आता हे नीट ऐक. कुणीही सांगो, मालक सांगो,
ही टाकी पुरती रिकामी करायची नाही.
खाली पुरुषभर खोलीवर खारं पाणी आहे,
समुद्रच तो, चालत आलेला.
वरचं काढलंस की खालचं ढकलतं.
सल्वाला एका बंगल्यात पाहिलंय मी:
तीन दिवस कोरडी ठेवली,
चौथ्या सकाळी टाकी हातभर वर,
फरशा फुटलेल्या, पाइप मुरगळलेले,
अख्खी, गलबतासारखी.
वजन असतं म्हणून जागेवर राहते ती.

गेल्या वर्षी माझं सगळं फिटलं.
पोरीचं लग्न, घराची स्लॅब, भावाचं देणं.
शेवटचा हप्ता भरला त्या रात्री
खाटेची कड धरून झोपलो होतो.
झोपलो कसला.

आईला फोनवर सांगितलेलं, पूल सांभाळतो.
ती म्हणाली, कुठल्या नदीवरचा?
हसलो. समजावलं. तिला पटलं नाही,
एवढं पाणी नुसतं पोहायला कोण ठेवतं?
शेवटी म्हटलं, मोठी नदी आहे, आई.
मग दर श्रावणात विचारायची,
पूल ठीक आहे ना रे, पाणी चढलं नाही ना?
मी म्हणायचो, नाही, खुणेच्या खालीच आहे.
ते खोटं नव्हतं.
ती निळी फरशी दिसते ना, तीच खूण.
तिच्याखाली चार बोटं. तेवढंच ठेवायचं.

एकवीस वर्षांत एकदाच आत उतरलो.
खोल बाजूच्या भिंतीतला दिवा गेला होता.
मेन स्विच बंद, छाती भरून श्वास, चार स्क्रू.
खाली पंप नाही, हाक नाही,
कुणाचं नाव नाही, माझंसुद्धा.
चौथा स्क्रू मी मुद्दाम हळू फिरवला.

चावी मीटरच्या पेटीमागे.
करडी मांजर येते, हाकलू नकोस,
पण कापडावर चढू देऊ नकोस.
गुरुवारी माझं विमान.
तुझ्या नंबरवरून फोन आला तर उचलीन,
पाण्याचं विचार, दुसरं काही विचारू नकोस.

धर ते टोक. मी इकडून सोडतो.
हळू. कापड पाण्याला टेकू दे,
मध्ये हवा राहिली तर रात्रभर फडफडतं.

थांब.
तो कोपरा जरा उघडा राहू दे.

हं. आता ओढ.