चाव्याच्या खुणा

वागळे इस्टेटच्या सोळा नंबर रोडवर
माझं लेथ अजून उभं आहे,
दोन्ही बाजूंना आता कॉल सेंटरच्या काचा.
दिवसा मी पिस्टनच्या पिना काढायचो
आणि शिफ्ट सुटल्यावर
साहेबलोकांच्या पाइपांच्या तुटलेल्या नळ्या.

वाटी ब्रायरची. तिला मी हात लावत नसे.
माझं काम तोंडाकडचं:
एबोनाइटची काळी कांडी, कापताना गंधकाचा वास,
मधोमध भोक, सुतासारखं सरळ.
जरा तिरकं गेलं की पाइप घुरघुरतो,
दमेकरी म्हाताऱ्यासारखा.

मी स्वतः विडीवाला.
चार झुरके, गेटबाहेर, उकिडवं बसून.
त्यांचं पाऊण तासाचं प्रकरण.
आधी खरवडायचं, मग चिमटीचिमटीनं भरायचं,
पहिली काडी मुद्दाम वाया घालवायची.

अठ्ठ्याहत्तरच्या टाळेबंदीत
आमचा दौलत मढवी टेबलावर हात आपटायचा,
बोनसचं काय ते आज सांगा.
भेसानिया साहेब पाइप साफ करायला घ्यायचे.
राख. फुंकर. चिमटी. काडी.
धूर निघेपर्यंत
दौलतचा आवाज खाली आलेला असायचा.
आपण हरलो ते त्या पाऊण तासात,
असं मी अजून मानतो.
आणि नळी माझ्या हातची होती.

दुरुस्तीला आलेली नळी नाव सांगते.
भेसानिया डाव्या दाढेखाली धरायचे.
बॉयलर इन्स्पेक्टर गुप्त्यांचा वरचा दात पडलेला,
म्हणून त्यांची खूण फक्त खालून.
कारखानीसांची उथळ, लाजरी;
बायको गेली त्या वर्षी मात्र आरपार.
मी काही बोललो नाही.
नवी नळी बसवली, पैसे निम्मे घेतले.

मग केबिनींना एसी आले, खिडक्या खिळ्यांनी बंद.
भिंतीवर लाल वर्तुळ, आत आडवी कापलेली सिगारेट.
पाइपचं चित्र कुठाय, म्हणत
गुप्ते त्या फटीतून आणखी दोन वर्षं ओढत राहिले.
नंतर तलावपाळीच्या बाकावर गेले,
तिथून चालायला येणाऱ्या बायकांनी उठवलं.
मग डॉक्टरनं टॉर्च मारून जबडा पाहिला.
पुढे रिकामाच पाइप, दातांत,
बोलताना टिकटिक वाजायचा.

तंबाखूचे गोल डबे यायचे थांबले.
माझ्याकडे सात उरलेत, त्यांत ड्रिलचे बिट.
झाकण उघडलं की अजून
मनुका, आणि भिजलेल्या लाकडासारखं काहीतरी.

गेल्या वर्षी घोडबंदरहून एक मुलगा आला,
निहार दुखंडे, दाढी कोरलेली,
पाइप घरपोच मागवलेला.
जोड सैल आहे, म्हणाला,
धुराचं जाऊ द्या काका, फोटोत नीट दिसला पाहिजे.
नळीवर एकही खूण नाही.
मी जोड घट्ट करेस्तोवर त्यानं खिशातून
बोटाएवढं काहीतरी काढलं, ओढलं, परत ठेवलं.
आंब्याचा वास आला.
माझ्या विडीपेक्षाही घाई.

कांडी हल्ली पेनांना जाते.
पुण्याची पार्टी, महिन्याला चाळीस नग.
लिहितं कोण, मी विचारत नाही.

परवा कारखानीसांची नात आली.
रुमालात पाइप. तुम्हीच इनासभाय का?
आजोबांच्या कपाटात होता,
ठेवावा की टाकावा कळत नाही.
मी चष्मा लावला.
नळी माझीच, त्या वर्षीची,
उजेडानं शेवाळी पडलेली.
डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं,
नखानं चाचपलं.
दाताचा ओरखडासुद्धा नाही.

म्हणजे घेऊन गेले, आणि
तोंडाला लावलीच नाही.

घासून काळी करून देऊ का, मी विचारलं.
ती म्हणाली, काय करतात सहसा?
मला आठवेना.
सवयीनं पाइपापासून नळी वेगळी केली,
ट्यूबलाइटकडे धरून एक डोळा मिटला.
भोक सरळ होतं.
अगदी सरळ.