ओरिजिनल

दिनकर हेडाऊची स्वतःची गाडी माझ्या शेडमध्ये आली
तेव्हा तिच्या टपावर एक कोंबडी बसलेली होती.
टोचन लावून आणलेली, इतवारीतल्या एका गोदामातून.
कोंबडी उतरेना. पोरानं फडकं झटकलं
तेव्हा धुळीखाली नाव दिसलं: भिंगरी.

दोनच सीटा. अंग फायबरचं.
नाक असं, की रस्त्याचा वास घेत निघालीय.
अकरा बनल्या एकूण, गोळीबार चौकामागं,
जिथं त्याच्या बापाचे माग होते.
माग विकले, पण मागाचे खड्डे राहिले;
त्याच खड्ड्यात पाय सोडून बाप विणायचा,
त्यातच उतरून हा गाडीच्या पोटाखाली जायचा.
दहा विकल्या.
सातवी ठेवली.

नवा मालक सुराणा, पोरगाच, धरमपेठेतला,
हातात लॅमिनेट केलेलं जुनं ब्रोशर.
"मेश्रामभाऊ, अश्शीच पाहिजे. एकदम ओरिजिनल."
म्हटलं, होऊन जाईल ना.

मग उघडली.

बॉनेटवर तीन भोकं. ब्रोशरात नव्हती.
कानशीनं काढलेली, कडा घासघासून गोल.
ड्रायव्हरच्या सीटखाली सागवानाचा ठोकळा, दीड इंची:
कागदावर काढलेला माणूस उंच होता,
काढणारा बुटका.
शेजारच्या सीटपुढं एक मूठ,
तिला लुगड्याचा काठ गुंडाळलेला, घामानं काळा.
कुणाचा, मला काय माहीत.
एवढंच, की कुणीतरी म्हटलं असेल एकदा,
"अन् मी कुठं धरू?"
आणि ज्याला सगळे कोन तोंडपाठ
त्याच्याकडं याचं उत्तर नव्हतं.

दाराचं पॅनल काढलं, तर आत पेन्सिल.
ड्राफ्ट्समनचं अक्षर, मुंगीएवढं:
"४ मे. काच अडते. गॅप कमी धरली. चूक माझी."
"पायापाशी पाणी. चूक माझी."
"रामटेकच्या वळणावर मागून घसरली. चूक वेगाची."
"कामठी रोड. उकळली."
"पुन्हा उकळली."
"भोकं पाडली. शोभत नाही. थंड राहाते."

तीस वर्षं मी पोचे काढतो.
पोचा म्हणजे कुणाची तरी ठोकर,
आणि गाडी आणणारा पहिलं वाक्य हेच बोलतो,
की समोरच्याची चूक होती.
या दारात मी बराच वेळ डोकं घालून बसलो.
चहा आला, गार झाला.

सुराणाला दाखवलं. त्यानं फोटो काढला,
मग ब्रोशर पुढं केलं.
"पण यात भोकं नाहीत ना, भाऊ."
पैसे त्याचे.
भोकं बुजवली. पुट्टी, पेपर, पुन्हा पुट्टी.
रंग मारला, नुकत्या कलायला लागलेल्या संत्र्याचा.
मूठ काढून पन्नीत बांधली, डिकीत टाकली.
ठोकळा माझ्याकडंच राहिला;
अजून त्यावर बसूनच मी चाकं उघडतो.
पेन्सिल पुसली नाही.
तिच्याबद्दल कुणी बोललंच नव्हतं.

नवतपाचा तिसरा दिवस. दुपारी दोनला फोन:
"ऑटोमोटिव्ह चौकात उभी आहे, भाऊ,
धूर निघून राहिला."
पाण्याची कॅन घेतली, बॅटरीचं ड्रिल घेतलं.
पोचलो तर भोवती दहा-बारा लोक,
एक कुल्फीवाला नाकाला हात लावून पाहत होता,
हात भाजला त्याचा.
"कोणत्या कंपनीची हाय जी?"
"हेडाऊची," मी म्हटलं.
"कोण हेडाऊ?"
सुराणा पानठेल्याच्या सावलीत उभा, शर्ट पाठीला चिकटलेला.
ब्रोशर डोक्यावर धरलं होतं.
"करा जे करायचं ते."

माप घ्यावं नाही लागलं.
ड्रिल टेकवलं तशी माझीच पुट्टी सुटली,
अख्खी, गोल, पापडासारखी हातात आली,
माझ्या रंगासकट.
खाली त्याची कड होती,
त्याच्या कानशीची, जशीच्या तशी.

दुसरं पाडलं. तिसरं.

आधी वाफ आली.
मग नुसती हवा.