तिसरी प्रत

प्रणिल मढवी माझ्या नातवाहून
सहा-सात वर्षांनी मोठा असेल.
रात्री बेंजो पार्टीत साइड ड्रम, दिवसा रबाळ्याला फोर्कलिफ्ट.
घणसोली गावठाणात, बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीत
त्याने मला स्टुलावर बसवलं,
पुढ्यात टायरचा तुकडा ठोकलेली फळी ठेवली
आणि दोन काठ्या दिल्या.
"ड्रम मंग. आधी धरायला शिका."

धरायला!
एकतीस वर्षं तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात
मी पट्ट्या लिहिल्या.
वजन, भाव, हमाली, तोलाई,
खाली दोन कार्बन.
शेठ वरची प्रत बघायचेच नाहीत,
तिसरी काढून उजेडाला धरायचे:
उठलंय का?
न उठलेला आकडा माझ्या पगारातून.
मधल्या बोटाला अजून गाठ आहे,
चिंचोक्याएवढी.

काठी मी तशीच धरली.
पहिला ठोका पडला
तो तिथंच बसला.

"काका, एवरी दाबू नका.
मारून झाली का ती तुमची नाय, टायरची.
तो तिला वर पाठवतंय, तुम्ही आरवे येताव."

मग त्याने काठी एका बोटावर आडवी ठेवली,
इकडे सरकव, तिकडे सरकव,
डुलून डुलून ती जिथे थांबली
तिथे अंगठा, तिथे पहिलं बोट.
बाकीची तीन नुसती सोबतीला.
हे मला कळलं. तराजूची दांडी.
सगळी नोकरी तिच्या शेजारी बसून काढली,
तोललं मात्र मापाड्यांनी.

कळलं, पण हाताला नाही.
सैल सोडली की काठी उडायची,
एकदा जात्याच्या मागे गेली
आणि कुणाच्या तरी जुन्या ज्वारीचं पीठ
घेऊन आली.
घरी गादीवर सराव. हिने दार लोटून घेतलं.

अकराव्या दिवशी, दिवे लागल्यावर,
उजव्या हाताने एक मारला
आणि दोन वाजले.
दुसरा मी मारलेला नव्हता.
प्रणिलकडे पाहिलं, तो फोनवर होता,
कुठल्याशा हळदीची सुपारी ठरवत.
पुन्हा मारला. एकच.
पण तो दुसरा झाला होता,
तो कुठल्या रकान्यात लिहू?

काल कोपरखैरण्याला बँकेत
हयातीच्या दाखल्यावरची सही जुळेना.
"आजोबा, पुसट आलीय. जरा दाबून करा."
दाबली.
जुळली. हयात.
पेन दोरीने बांधलेलं होतं,
सोडलं तसं काउंटरवर पडलं
आणि एकदा उसळलं.
बाईंनी वर पाहिलंही नाही.

शनिवारी प्रणिल डावा हात घेणार आहे.
डाव्याने मी आजवर
काहीच लिहिलेलं नाही.