वेटिंग

वाईपासून मेणवलीपर्यंत रिक्षात
माझं भाषण ठरलेलं :
ढोल्या गणपती, कृष्णेचा घाट,
कुठल्या पायरीवर कुठल्या पिक्चरचं शूटिंग,
आणि शेवटी
वसईहून आलेली पोर्तुगीज घंटा.

लिस्बनच्या बाईनं मधेच ओठांवर बोट ठेवलं.
माझ्याच.

मग घंटेला कान लावून उभी राहिली,
आजारी माणसाच्या छातीला लावावा तसा.
वाजवली नाही.

धोमचं पाणी सुटलेलं.
खाली कुणी गोधडी आपटत होतं,
धप्प. बराच वेळ काही नाही. धप्प.

बारा वर्षं दाखवतोय मी ही घंटा.
भर दुपारी ती इतकी गार असते
हे परवा कळलं,
बाई चपला शोधत होती तेव्हा,
चोरून कान लावला म्हणून.

वेटिंगचे साठ रुपये मागायचे राहिलेच.