खळं

आयचुरेकच्या डाव्या डोळ्याभोवती
खळं पडलं होतं.
कड लाल, खवल्यांची, जराशी उचललेली,
मधली कातडी निवळत चाललेली,
आणि वरच्या पापणीचे सात-आठ केस
गेलेले.

मास्तरणीनं तिच्या बापाला
शाळेच्या फाटकात अडवून विचारलं होतं,
"लेकराच्या डोळ्यावर हात उचलतोस?"
त्यानं घोडी तशीच वळवली.
तेव्हापासून गावात कुणाकडे
चहाला बसला नाही.

आईनं बाजारातून मलम आणलं,
सगळ्यावर चालतं म्हणतात ते.
चार दिवस लाली दबली.
पाचव्या दिवशी खळं नाकाच्या हाडावरून
पलीकडे निघालं,
चोरासारखं, आपली कड पुसत.

नारीन नदीच्या वरच्या अंगाला माझा दवाखाना:
एक खोली, एक वजनकाटा,
आणि एक जुना सूक्ष्मदर्शक,
ज्याचा आरसा मी उन्हाकडे फिरवते.
बोथट पात्यानं कड खरवडली.
ती हलली नाही. डोळे मिटून
माझ्या बाहीचं बटण तेवढं धरून बसली.
काचेवर पोटॅशचा थेंब, थोडी ऊब,
मग दिसल्या
फांद्या. बारीक, पेरापेरांच्या,
पाण्याखाली गेलेल्या झुडपासारख्या.

"घरी जनावर?"
"वासरू. माझ्या कुशीत झोपतं.
त्यालाही चष्मा आहे."

बापाला बोलावलं. मास्तरणीलाही.
आळीपाळीनं दोघांना भिंगाला डोळा लावायला सांगितलं.
ती बराच वेळ वाकून राहिली.
माफी कुणी मागितली नाही.
तिनं एवढंच विचारलं, घोडी कशी आहे.
तो म्हणाला, गाभण आहे.

गोळ्या दिल्या. सायीबरोबर घ्यायच्या,
तुपकट पोटातच त्या मुरतात.
मलम डोळ्यात जाऊ द्यायचं नाही.
सहा आठवडे, मधेच सोडायचं नाही.
वासरू वेगळं बांधायचं.
इथे तिचा ओठ पहिल्यांदा थरथरला.

मलमाची नळी तीन आठवडे पुरायला हवी होती.
नवव्या दिवशी ती रिकामी नळी घेऊन आली,
शेपटाकडून नीट गुंडाळत आणलेली.
मी रागावणारच होते.
पण तिच्या बोटांना गोठ्याचा वास होता
आणि नखांत करडे, आखूड केस.

दुसरी नळी दिली.
कपाट लावलं, पुन्हा उघडलं,
तिसरी दिली.
"हात धुवायचे," म्हटलं, "साबणानं.
त्याला लावून झालं की,
आणि स्वतःला लावायच्या आधी."