टाच ते आस

पिथमपूरची बस राऊला वळते तेव्हा
सहा चाळीस झालेले असतात.
पुढच्या सीटवर भेरूलाल सोळंकी
गमछा तोंडावर ओढून झोपलेला.
तो आणि मी एकच जमीन बनवतो.

जमीन म्हणजे गाडीची. पत्र्याची,
मधून बोगदा गेलेली, दोन्ही कडांना उंबरे.
तिला लाल चिठ्ठी लागली
की ती होते गल्लीबोळातली छोटी गाडी.
हिरवी लागली
की मागून साडेसात सेंटीमीटर ओढून
सात माणसांची.
पिवळी लागली तर ती आमची राहत नाही.
ताडपत्रीखाली दुसऱ्या कंपनीत जाते,
तिथे तिला मिळतं दुसरं नाक, दुसरं नाव
आणि दीड लाख जास्त किंमत.

‘सासरी गेली की भाव वाढला’, म्हणतो भेरूलाल.
त्याला तीन मुली आहेत.
थोडा वेळ हसतो,
मग म्हणतो, ‘आपल्यात तर उलटं असतं, म्याडम.’

लांबी बदलता येते.
रुंदीही, पैसे ओतले तर.
छप्पर उचला, काच कलती करा,
दिव्यांना डोळे वटारायला लावा.
एक अंतर मात्र हलवायचं नाही:
पुढच्या चाकांच्या आसापासून
चालवणाऱ्याच्या टाचेपर्यंत.
त्या हातभर जागेत स्टिअरिंग आहे, पेडल आहेत,
धडकेत काय आधी दुमडायचं
आणि काय अजिबात नाही, ते आहे.
ते हलवलं तर साचे नवे, धडका नव्या,
आयुष्यातली तीन वर्षं नवी.
प्रत्येक नव्या गाडीच्या कागदावर
ते अंतर मीच लिहिते
आणि दर वेळी तेच लिहिते.

एकदा ड्रॉइंगवर हाताने ‘आस’ लिहून गेले.
सलूजा सर म्हणाले, किसकी आस लगाए बैठी हो?
सगळं केबिन हसलं.
मराठीत तो आस असला तर लोखंडाचा.
ती आस झाली
की तिचं टॉलरन्स कुणी देत नाही.

रविवारी स्नेहलतागंजात
ताईच्या दारात नवी गाडी उभी होती.
झेंडूचा हार, बॉनेटवर स्वस्तिक, हळद अजून ओली.
पिवळ्या चिठ्ठीची.
भावोजींनी दार उघडलं, लावलं,
पुन्हा उघडलं. ‘ऐक,’ म्हणाले, ‘थप्प.
तुमच्या गाड्यांचं खळ्ळ होतं.
फरक असतो बाई. घराण्याचा.’
ताईने माझ्याकडे पाहिलं आणि पेढ्यांचं ताट
एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं.

चाकांखाली लिंबं ठेवायला मीच वाकले.
आणि वाकलेच आहे तर म्हणून
हात उंबऱ्याखालून आत नेला.
तिसऱ्या भोकाजवळ, काळ्या लेपाखालीसुद्धा,
तांदळाएवढा उंचवटा.
आमच्या साच्याचा तो जुना दोष.
घासायचा राहून गेला,
नंतर भेरूलाल म्हणाला, असू दे, तीळ आहे.

सांगता आलं असतं.
दीड लाखाची गोष्ट होती, आणि घराण्याची.
‘दार खरंच छान लागतं’, म्हणाले मी.
ते खरंच होतं.
त्यांनी आत रबराची आणखी एक पट्टी टाकली आहे.
पट्टी शोधणाराही कुणी तरी
कुठल्या तरी बसने पहाटे निघत असणार.

‘चालव की’, भावोजी म्हणाले आणि किल्ली दिली.
सीट परकी. वास परका.
समोर टीव्हीएवढा पडदा, त्यावर कुणाचा तरी डोंगर.
आरसा माझ्या उंचीचा नव्हता.
चप्पल काढून पाय खाली सोडला
तर टाच
न विचारता टेकली,
जिथे टेकते तिथेच.

मी तशीच बसून राहिले असेन.
मागून ताई म्हणाली, ‘अगं, निघतेस ना?’
मग लिंबं फुटली. आधी उजवीकडचं.